नळदुर्गची पुंगळी

माझे आजोळ नळदुर्गजवळचे. बोरी नदीच्या अलीकडे, काळ्या रानात वसलेले लहानसे खेडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे तिकडे गेलो, की दुपार गोठ्यातच काढायची, कारण साऱ्या घरात गारवा काय तो तिथेच. त्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात तंबाखूची डबी, दाभण, सुतळीचा गुंडा, तेलाची बाटली, आणि या सगळ्यांच्या मागे एक पितळेची पुंगळी असे. बोटभर लांब, बुडाशी जाड, वर खांद्यापाशी निमुळती होऊन गळ्यासारखी झालेली. तोंडाला ओठ लावून फुंकले, की तिची कर्कश शिट्टी वाजायची. आमच्या लेखी तिचा उपयोग तेवढाच.

तिच्या बुडावर बारीक अक्षरे होती. पाचवीत इंग्रजी आले तेव्हा मी ती वाचली. एक ‘के’, एक ‘एफ’. आईचे वडील, म्हणजे आमचे नाना, ओट्यावर बसले होते. त्यांना विचारले तर म्हणाले, “खडकीच्या कारखान्याचं काडतूस आहे. नांगरताना सापडलं. ॲक्शनच्या वेळचं असंल.”

“मग ते कुणी झाडलं? हिंदुस्थानच्या फौजेनं, की निजामाच्या?”

नानांनी पुंगळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मला परत दिली. “त्यावर लिहिलेलं नाही,” म्हणाले.

श्रोतेहो, बंदूक मी आयुष्यात कधी चालवलेली नाही. कविता लिहिणाऱ्या माणसाने काडतुसावर बोलावे हेही जरा विचित्रच. पण नानांचे ते उत्तर डोक्यातून गेले नाही, आणि पुंगळीचा माग काढता काढता मी बराच लांब जाऊन आलो. त्या प्रवासाची ही हकिगत.

आधी काडतूस म्हणजे काय ते पाहू. त्यात चार गोष्टी असतात. पुढे गोळी, आत दारू, बुडात ठिणगी पाडणारी टोपी आणि या तिघींना एकत्र धरणारी पुंगळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारूचा वायू होतो आणि गोळी सुटते. गोळीचे नाव होते, पुंगळी बाजूला पडते. पण त्या क्षणात सगळ्यात अवघड काम पुंगळीच करते. तिचे तोंड फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, म्हणून पेटता वायू मागे शिपायाच्या तोंडावर येत नाही. आणि लगेच ती किंचित आकसते, म्हणून बाहेर ओढून काढता येते. फुगायचे आणि आकसायचे, दोन्ही डोळ्याचे पाते लवायच्या आत. हे जमणारी पुंगळी माणसाला सापडेपर्यंत मागून भरायची बंदूक बिनभरवशाचीच होती.

त्याआधीचा काळ ठासणीचा. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची. दारू मोजण्यात वेळ जाऊ नये म्हणून एका बाराची दारू आणि गोळी कागदात गुंडाळून ठेवत. ते कागदी काडतूस शिपाई दाताने फाडायचा. १८५३ साली इंग्रजांनी एनफिल्डची नवी रायफल स्वीकारली, तीही अशीच भरायची. योगायोग असा, की त्याच १८५३ साली निजामाने करार करून वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला नळदुर्ग जिल्हा कंपनीच्या हवाली केला. नळदुर्गचा कारभार पाहायला आले मेडोज टेलर, ठगांच्या कबुलीजबाबांवर कादंबरी लिहून आधीच प्रसिद्ध झालेले. नळदुर्गच्या किल्ल्यात आणि तुळजापूरच्या डोंगरावर वावरलेला हा साहेब १८५७ मध्ये वऱ्हाडात पाठवला गेला, तेव्हा उत्तरेत त्याच एनफिल्डच्या काडतुसांनी वणवा पेटवला होता. कागदाला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, ही बातमी छावण्यांतून फिरली. मेरठच्या ८५ स्वारांनी २४ एप्रिलला काडतुसे घ्यायला नकार दिला, त्यांना बेड्या पडल्या, आणि १० मे रोजी मेरठ उठले. उठावाची कारणे अनेक होती. पण हिंदू आणि मुसलमान शिपायाला एकाच वेळी जी वस्तू तोंडात धरवेना, ती होती काडतुसाचे वेष्टन, म्हणजे पुंगळीची कागदी पूर्वज.

नळदुर्ग १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. तिकडे इंग्लंडात कागदाला पर्याय शोधणे चालूच होते. १८६६ मध्ये जुन्या एनफिल्डचा मागचा भाग कापून, तिथे झडप बसवून स्नायडर रायफल तयार केली गेली. तिच्यासाठी कर्नल बॉक्सर यांनी पातळ पितळी पत्रा गुंडाळून पुंगळी बनवली. लगेच १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिला गोळी बारीक हवी होती आणि दारू जास्त. तेव्हा स्नायडरच्याच पुंगळीची लांबी वाढवली आणि वरचा भाग आवळून तिला बाटलीसारखा गळा दिला. नव्या काडतुसासाठी जुन्याच पुंगळीला नवा आकार द्यायचा, ही युक्ती पुढे जगभर रूढ झाली. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी तर त्याचा छंदच केला. तिथल्या लष्कराच्या .३०-०६ या काडतुसाचा गळा आवळून १९२५ मध्ये .२७० विंचेस्टर निघाले. घरच्या यंत्रावर पुंगळ्या दाबून, कापून, पुन्हा भरून पाहणारे हौशी लोक तिथे आजही हजारोंनी आहेत.

गुंडाळलेल्या पुंगळीत मात्र एक खोट होती. ती तापलेल्या नळीत अडकायची आणि ओढताना फाटायची. १८८५ च्या जानेवारीत सुदानमध्ये अबू क्ली इथे लढाई ऐन भरात असताना इंग्रजांच्या मार्टिनी अशाच अडकल्या. पत्रा गुंडाळून भागणार नाही, पुंगळी एकसंध पितळेतून ओढूनच काढली पाहिजे, हे त्यानंतर नक्की झाले.

इथे खडकी येते. पेशवे आणि इंग्रज यांची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ला जिथे झाली, त्या खडकीत इंग्रजांनी १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा केला. माझ्या पुंगळीवरची ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे त्याचीच, ‘कर्की फॅक्टरी’ची. इंग्रज खडकीला कर्की म्हणत.

आपल्या जिल्ह्याला धातूची ओळख तोफांमुळे आहे. विजापूरची मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ओतली. ती बरीच वर्षे आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. तोफ ओततात. साच्यात रस घातला, थंड झाला, तोफ झाली. पुंगळी ओतून होत नाही, ती ओढावी लागते. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे पितळ घ्यायचे. त्याच्या पत्र्यातून चकती कापायची. चकती दाबून तिची वाटी करायची. ती वाटी एकापेक्षा एक अरुंद साच्यांतून ओढत न्यायची, म्हणजे भिंत पातळ होते आणि लांबी वाढते. बूड जाडच ठेवायचे, त्यावर दाब देऊन टोपीचा खळगा पाडायचा, अक्षरे उठवायची. शेवटी वरचा भाग आवळून खांदा आणि गळा काढायचा.

हे वाचताना मला पुण्याची तांबट आळी आठवली. तिथे भांडे मठारणाऱ्या कारागिराला विचारा, तो सांगेल की घाव बसत गेले की धातू ताठर होतो. आणखी ठोकले तर तडकतो. म्हणून मध्येच थांबून भट्टीत ताव द्यायचा. धातू पुन्हा मऊ होतो, मग पुढचे घाव. कारखान्यातही तेच. प्रत्येक ओढीनंतर पुंगळी भट्टीत जाते, मग आम्लात धुतली जाते, मग पुढच्या साच्यात. आणि सगळे झाल्यावर फक्त गळ्याला आणि तोंडाला पुन्हा एकदा हलका ताव देतात. बूड कडक राहिले पाहिजे, तोंड मऊ. लष्करी काडतुसाच्या गळ्याशी कधी कधी निळसर तपकिरी पट्टा दिसतो, तो या शेवटच्या तावाचा डाग.

हा शेवटचा ताव किती मोलाचा, याचा धडा हिंदुस्थानच्या पावसाळ्याने शिकवला. ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची वाटते. पावसाळ्यात लष्कराच्या हालचाली मंदावत. मग काडतुसांचा साठा घोड्यांच्या पागेत, कोरड्या जागी रचून ठेवत. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की अनेक काडतुसांना, विशेषतः गोळी जिथे पुंगळीत आवळलेली असते तिथे, उभ्या चिरा गेलेल्या दिसत. कुणी त्यांना हात लावला नव्हता, कुणी ती झाडली नव्हती. नुसती ठेवल्या जागी तडकली होती. इंग्रजांनी या रोगाला ‘ऋतूची चीर’ अशा अर्थाचे नाव देऊन टाकले, पण कारण बरीच वर्षे कळले नाही. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी ते सांगितले. दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. घोड्यांच्या मुतातून हवेत उठणारा अमोनिया ही एक. आणि दुसरी, घडवताना पितळेच्या अंगात राहून गेलेला ताण. ताण नसता तर त्या हवेने नुसते पितळ काळवंडले असते. आणि चांगली हवा असती तर तो ताण कुणाला दिसलाही नसता. उपाय साधाच निघाला. घडवल्यानंतर मंद आचेवर ताव द्या, आतला ताण जाऊ द्या.

आता .३०३ कडे वळू. आपल्याकडे तिला सगळे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात. १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफलबरोबर हे काडतूस आले. नळीचे तोंड इंचाच्या हजार भागांपैकी ३०३ भाग, म्हणून हे नाव. सुरुवातीला त्यात काळी दारूच होती, थोड्याच वर्षांत बिनधुराची कॉर्डाइट आली. पण १८५७ चा धसका सरकार विसरले नव्हते. देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, असा रिवाजच पडला. गोऱ्यांना .३०३ मिळाली तेव्हा देशी शिपायाच्या खांद्यावर मार्टिनी होती. सामान्य रयतेचे तर विचारायलाच नको. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने ब्रिटिश मुलखात हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायची बंदी झाली, युरोपियन मात्र त्यातून मोकळे.

आणखी एक भीती होती. जुन्या मार्टिनी कुठे कुठे लोकांच्या हाती पडलेल्या होत्या. शिकारीच्या नावाखाली आलेली .४५० व्यासाची काडतुसे किंवा नुसत्या गोळ्या त्यांत वापरल्या तर? १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० वर बंदी घातली. इथल्या वाघांसाठी आणि हत्तींसाठी रायफली बनवणाऱ्या लंडनच्या बंदूकवाल्यांचा धंदा अडला. त्यांनी काय करावे? हॉलंड अँड हॉलंड या पेढीने .५०० ची जुनी पुंगळी घेतली, तिचा गळा आवळला आणि .४६५ चे नवे काडतूस बाजारात आणले. जोसेफ लँग या पेढीने .४७० काढले. जगातली ही नामांकित शिकारी काडतुसे जन्माला आली ती हिंदी माणूस रिकामी पुंगळी पुन्हा भरेल, या धास्तीपोटी. सरकारला बंदुकीइतकाच पुंगळीचाही वचक होता, असे म्हटले तरी चालेल.

पुंगळी पुन्हा भरणारे लोक आपल्याकडे नव्हते असे नाही. आमचे नानाच त्यांतले एक. तरुणपणी ते एका जागीरदाराकडे शिकारीच्या सरंजामावर होते. जागीरदाराच्या दुनळी बंदुकीला बारा बोअरची पितळी काडतुसे लागत. ती पन्नास वेळा वापरता आली तर पन्नास वेळा वापरायची, असा हिशेब. शिकारीहून आले की नाना रिकाम्या पुंगळ्या राखेने घासून पुसत, उन्हात वाळवत, जुनी टोपी ठोकून काढत आणि नवी बसवत. मग दारू, वर पुठ्ठ्याची चकती, छर्रे, पुन्हा चकती, आणि कडेने मेण. त्यांच्या लाकडी पेटीतली पितळी मापे, ठोकणी आणि गज मी लहानपणी पाहिले आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, जागीरदारी तर त्याआधीच गेली होती. पेटी मात्र नानांनी जपली. त्यातले एकच शास्त्र त्यांनी मला सांगितले. पुंगळी भरण्याआधी तिच्या तोंडावरून नख फिरवायचे. नख अडकले, म्हणजे चीर आहे. “चिरलेली पुंगळी कितीही घासली तरी भरायची नाही. ती भरणाराचाच हात घेती.”

१९४८ मध्ये नाना तेहतीस वर्षांचे होते. उस्मानाबाद हे नाव जिल्ह्याला निजाम उस्मान अली खानांवरून पडले होते. आता ते पुन्हा धाराशिव झाले आहे. रझाकारांचा नेता कासिम रझवी तेव्हा आमच्याच जिल्ह्यात असलेल्या लातूरचा वकील. रझाकारांनी गावोगाव जे केले ते मराठवाड्यात घरोघर सांगितले जाते, आणि ते खरे आहे. त्यांच्याविरुद्ध लिहिणारा हैदराबादचा तरुण संपादक शोएबुल्ला खान १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनीच मारला, हेही खरे आहे. निजामाच्या फौजेपुढे तेव्हा मोठी अडचण दारूगोळ्याची होती. हैदराबादेत गनफाउंड्री नावाचा भाग आजही आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी रेमंड या फ्रेंच सेनानीने तिथे निजामासाठी तोफा ओतल्या. पण तोफा ओतणे वेगळे आणि लाखांनी पुंगळ्या ओढणे वेगळे. हिंदुस्थान सरकारने पुरवठा रोखला, तेव्हा निजामाने सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकडून कराचीहून रातोरात विमानाने शस्त्रे आणि काडतुसे आणवली. विमानांच्या खेपांनी राज्य किती दिवस टिकणार?

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून आत शिरल्या. पहिली लढाई नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच शाबूत हाती लागला, आणि चिलखती गाड्या जळकोटवरून त्याच दिवशी दुपारी उमरग्याला पोचल्या. १७ तारखेला सारे संपले. या लढाईत दोन्हीकडच्या पायदळाच्या हाती .३०३ च होती. निजामाची फौज इंग्रजांच्या काळात त्यांच्याच घडीची, त्यांच्याच हत्यारांची. त्यामुळे आमच्या रानात सापडलेली पुंगळी कुणाच्या रायफलीतून पडली, हे कुणालाच सांगता येणार नाही. नानांनी मला खरे तेच सांगितले होते.

त्यांनी जे सांगितले नव्हते, ते मला आईकडून कळले. फौजा पुढे गेल्यानंतरच्या आठवड्यांत सूड सुरू झाला. रझाकारांशी कधी संबंध न आलेले लोकही त्यात सापडले. नेहरूंच्या सरकारने त्या वर्षअखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीला पाहणीसाठी पाठवले. सगळ्यात जास्त हानी झालेले चार जिल्हे समितीने नोंदले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. साऱ्या संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. आकड्यावर वाद आहेत. अहवाल मात्र कित्येक दशके बंद राहिला आणि २०१३ च्या सुमारास लोकांना पाहायला मिळाला. त्यात आणखीही एक नोंद आहे, जी फार कमी सांगितली जाते. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवले.

आमच्या घरचे तसेच झाले. शेजारच्या वस्तीवर एक लिंगायत शेतकरी होते. त्यांनी नाना, नानी आणि दोन लहान पोरांना नऊ दिवस कडब्याच्या गंजीआड ठेवले. रोज रात्री भाकरी आणि पाणी पोचवले. त्याच माणसाच्या चुलत भावाला चार महिन्यांपूर्वी रझाकारांनी मारले होते. हे नानांना ठाऊक होते, त्यांनाही ठाऊक होते. त्या नऊ दिवसांत कुणी त्याचा उच्चार केला नाही. माझी आई पुढे १९५० साली जन्मली. तिने हे सारे नानीच्या तोंडून ऐकलेले.

यापुढचा पुंगळीचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांच्या हाती बोल्ट ओढून चालवायची .३०३ च होती. देशाने मग ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची स्वयंभरण रायफल घेतली. जुन्या पुंगळीला दाबून नवी करण्याची युक्ती इथे लागू पडणार नव्हती, कारण .३०३ च्या बुडाला बाहेर आलेली कड आहे आणि ७.६२ ला ती नाही. नवी पुंगळी अगदी पहिल्या वाटीपासून ओढावी लागणार होती. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात, भुसावळजवळ वरणगावला नवा कारखाना निघाला. अंबरनाथच्या कारखान्याने पितळ पुरवायचे, वरणगावने आणि खडकीने काडतुसे बनवायची, अशी साखळी तयार झाली. १९९० नंतर इन्सास रायफलीसाठी ५.५६ ची आणखी छोटी पुंगळी आली आणि सारे साचे पुन्हा बदलले. आता इन्सासचीही जागा नव्या रायफली घेत आहेत. २०२१ मध्ये सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या केल्या, तेव्हा खडकी आणि वरणगाव म्युनिशन्स इंडिया या पुण्याच्या कंपनीकडे गेले. थ्री नॉट थ्री पोलिसांकडे मात्र फार काळ राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर एके-४७ पुढे उभ्या राहिलेल्या पोलिसांच्या हाती तीच होती.

काही वर्षांपूर्वी मामांनी जुना गोठा पाडून तिथे पत्र्याचे शेड घातले. कोनाड्यातल्या वस्तू एका टोपलीत काढून ठेवल्या होत्या. मी गेलो तेव्हा मामा म्हणाले, “तुझी शिट्टी आहे बघ त्यात. घेऊन जा.”

मी पुंगळी घेतली आणि सवयीने ओठाला लावली. शिट्टी वाजली नाही, नुसती हवा फसफसली. उजेडात धरून पाहिले, तर गळ्यावर तोंडापासून खांद्यापर्यंत एक बारीक उभी चीर गेलेली. नानांनी सांगितल्याप्रमाणे नख फिरवले, नख अडकले. माझ्या लहानपणी ती चीर नव्हती. झाडली जाताना त्या पितळेत ताण राहिला असणार, आणि पुढे पंचवीस-तीस पावसाळे म्हशींच्या गोठ्यातली हवा तिला लागत राहिली. १९२१ मध्ये तिघा संशोधकांनी जे लिहिले, ते माझ्या हातात होते.

तेव्हापासून मला वाटते, की आपल्या जिल्ह्याने १९४८ सालाचेही असेच केले आहे. लढाई पाच दिवसांची. ती कोनाड्यात ठेवून आपण कामाला लागलो. सतरा सप्टेंबरला झेंडावंदन करतो, भाषणे होतात, ती व्हावीतच, मुक्तीचा तो दिवस आहे. पण रझाकारांनी मारलेल्यांचे दुःख एका घरात, ॲक्शननंतर मेलेल्यांचे दुःख दुसऱ्या घरात, आणि दोघे एकमेकांसमोर त्याबद्दल गप्प. कुठे कधी वाईट हवा सुटली, की माणसे चक्रावतात आणि विचारतात, की काल तर सगळे ठीक होते, मग ही चीर आली कुठून? ताण आधीपासून आत होता. त्याला ताव द्यायचे राहून गेले, म्हणजे दोन्ही दुःखे एका ओट्यावर बसून, आवाज न चढवता सांगायची आणि ऐकायची राहून गेली.

ते काम फार मोठे आहे असेही नाही. नाना गेले, ते शेतकरीही गेले. पण आजोळी ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचा पहिला डबा अजूनही त्या वस्तीवर जातो. मागच्या ईदला तो पोचवायला मी गेलो होतो. त्यांचे नातू शाळेत मास्तर आहेत. चहा घेताना मी खिशातली पुंगळी त्यांना दाखवली आणि तिची सारी हकिगत सांगितली. मग त्यांनी आपल्या आजोबांच्या चुलत भावाची हकिगत सांगितली. ती मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकली, नावागावासकट. निघताना त्यांच्या लहान मुलाने पुंगळी हातात घेऊन विचारले, “ही कुणी झाडली?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि मास्तर म्हणाले, “ते त्यावर लिहिलेलं नाही, बाळा.”

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)